सारस गणना (गोंदिया–बालाघाट)

सारस गणना ही महाराष्ट्रातील गोंदिया व भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या लगतच्या जिल्ह्यांत दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतली जाणारी सारस क्रौंच पक्ष्यांची मोजणी आहे. वनविभाग, गोंदिया येथील ‘सस्टेनिंग एन्व्हायर्न्मेंट अँड वाइल्डलाइफ असेंब्लेज’ (सेवा) ही संस्था, शेतकरी व स्वयंसेवक यांच्या सहभागातून ती पार पडते. महाराष्ट्रातील सारसांची वस्ती आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात उरली असल्याने राज्यातील या पक्ष्याच्या भवितव्याचा अंदाज प्रामुख्याने याच गणनेवरून बांधला जातो.

पक्षी

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी असून त्याची उंची सुमारे १.८ मीटरपर्यंत भरते. तो जोडीने राहतो, उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीत गवत व काड्यांचे मोठे घरटे रचतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात केली आहे.

क्षेत्र

वैनगंगा व तिची उपनदी बाघ यांचे खोरे हे गणनेचे मुख्य क्षेत्र होय. सालेकसा तालुक्यातील पुजारीटोला व कालीसराड ही धरणे बाघ प्रकल्पाचा भाग आहेत. सालेकसा व आमगाव तालुक्यांतून वाहणारी बाघ नदी पुढे काही अंतर दोन राज्यांची सीमा बनते व वैनगंगेस मिळते. या पट्ट्यातील माजी मालगुजारी तलाव (मामा तलाव), बोड्या व धानाच्या बांध्या सारसाला अन्न व निवारा पुरवतात. पक्ष्याला राज्याची सीमा ठाऊक नसते. पहाटे बालाघाटच्या बाजूला दिसलेली जोडी थोड्याच वेळात गोंदियाच्या शेतात उतरू शकते. म्हणूनच नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच काळात मोजणी करणे आवश्यक ठरते. अन्यथा एकच पक्षी दोनदा मोजला जातो किंवा मुळीच मोजला जात नाही.

पद्धत

गणना साधारणतः जून महिन्यात होते. या काळात पाणी मोजक्याच जलाशयांत उरलेले असते, त्यामुळे सारसांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागा हेरणे सोपे जाते. पाऊस स्थिरावल्यावर जोड्या विणीसाठी शेतशिवारांत विखुरतात. मुक्कामाच्या जागांची माहिती आधी स्थानिक शेतकरी व ‘सारसमित्र’ यांच्याकडून घेतली जाते. नेमलेली पथके सूर्योदयापूर्वीच तेथे पोहोचतात आणि पक्षी चरावयास उडून जाण्याआधी त्यांची संख्या टिपतात. प्रौढ व पिले यांत भेद करता येतो. प्रौढाचे डोके व मानेचा वरचा भाग तांबडा असतो, तर पिलाच्या डोक्यावर बदामी पिसे असतात.

हा भेद महत्त्वाचा आहे. सारस दीर्घायुषी असल्याने वीण अयशस्वी होत असली, तरी प्रौढांची संख्या काही वर्षे जवळजवळ स्थिर दिसू शकते. पिलांची संख्या घटत गेल्यास पुढे येणाऱ्या ऱ्हासाची सूचना त्यातून आधीच मिळते.

निष्कर्ष व परिणाम

गोंदिया जिल्ह्यात २०२० साली ४५, २०२१ साली ३९, २०२२ साली ३४ आणि २०२३ साली ३१ सारस आढळले. विजेच्या तारांचा धक्का, कीटकनाशकांची विषबाधा, पाणथळ जागांचा ऱ्हास व घरट्यांची हानी ही घटीची प्रमुख कारणे मानली जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्यातून गोंदिया, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांसाठी सारस संवर्धन समित्या नेमण्यात आल्या.

तुलना व मर्यादा

नागरिकांच्या सहभागातून पक्षी मोजण्याची परंपरा जुनी आहे. उत्तर अमेरिकेतील नाताळ पक्षिगणना १९०० पासून, तर आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. त्या गणनांत असंख्य जातींचे मोठे थवे मोजले जातात व थोडी चूक एकूण आकड्यात सामावून जाते. सारस गणनेत मात्र एकूण संख्याच काही दशकांवर असल्याने एका जोडीची चूकही निष्कर्ष बदलू शकते. त्याच जागा, तोच काळ व तीच पद्धत वर्षानुवर्षे पाळणे हाच या गणनेच्या विश्वासार्हतेचा आधार आहे. शिवाय, ज्याच्या बांधीत घरटे असते तो शेतकरीच त्याचा पहिला साक्षीदार असतो. पिकाचे थोडे नुकसान सोसून घरटे राखायचे की नाही, हेही बहुतांशी त्याच्याच हाती असते.