राजे बदलले, श्रेणी टिकल्या

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो त्या २४ लेण्यांपैकी दहाव्या लेण्याच्या ओसरीत एक कोरीव लेख आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात याने वर्ष ४२ मध्ये हे लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले, असे त्यात नोंदले आहे. दानाबरोबर त्याने ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला कधीही हात न लावता केवळ व्याज वापरायची ठेव, नाशिकजवळच्या गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे होते. दुसरीचे व्याज त्यांच्या इतर गरजांसाठी होते. हिशेब करून पाहिला तर तो चोख जुळतो. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या नाशिक परिसरात पैसा, मुदत आणि व्याज यांचा विचार किती काटेकोर होता, हे या एका गुणाकारातून दिसते.

मात्र या लेखातील खरी विचार करण्यासारखी गोष्ट हिशेबाच्या पलीकडची आहे. ठेव कायमची आहे, मुद्दल परत मागायचे नाही, आणि त्याबदल्यात काही गहाण ठेवल्याचा उल्लेखही नाही. आज ठेवलेल्या पैशाचे व्याज नातवंडांच्या काळातही येत राहील, अशी खात्री दात्याला कशाच्या बळावर वाटली असेल? त्या काळच्या व्याजदरांशी ताडून पाहिले की ही खात्री किती पक्की होती ते कळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दरमहा शेकडा सव्वा हा धर्म्य दर आहे. व्यापाऱ्यांसाठी पाच, अरण्यातून जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस. मनुस्मृतीतही सव्वाचाच दर सांगितला आहे आणि त्यापुढे वर्णानुसार दोन ते पाचपर्यंत चढते दर आहेत. ग्रंथातले दर आणि बाजारातले दर एकच असतील असे नाही. तरीही दिशा स्पष्ट दिसते: जिथे धोका जास्त तिथे व्याज जास्त. गोवर्धनच्या विणकरांकडे पैसा ठेवणारा एक आणि पाऊण टक्क्यावर समाधान मानत होता, कारण ही ठेव बुडेल असे त्याला वाटत नव्हते.

ही निश्चिंती एखाद्या विणकराच्या सचोटीवर उभी राहू शकत नाही. माणूस मरतो, माग मोडतो, दुष्काळात कापूस येत नाही. श्रेणी मात्र माणसामागून माणूस आला तरी चालू राहते. एकाच व्यवसायाची घरे तिच्यात असत, आणि ती बहुधा एका वस्तीतली, सोयरिकीने आणि सणावाराने बांधलेली असावीत. व्याज थकवणाऱ्याला ठेवीदाराच्या आधी आपल्याच धंदेबंधूंसमोर मान खाली घालावी लागत असणार. लेखात पुढे असेही म्हटले आहे की हे सारे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर केले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले. म्हणजे व्यवहार चारचौघांच्या कानावर घातला, लिहून ठेवला आणि शेवटी भिक्षूंच्या दारात दगडावर कोरला. धर्मदानाचे पुण्य, धंदेबंधूंची लाज आणि नगराची साक्ष या तिन्हींची वीण घट्ट बसली, तेव्हा कुठे कर्जव्यवहार उभा राहिला. कार्ल पोलान्यी या विचारवंताने १९४४ साली असा सिद्धांत मांडला की समाजापासून वेगळी, आपल्याच नियमांनी चालणारी बाजारपेठ ही इतिहासातली अगदी अलीकडची आणि अपवादात्मक कल्पना आहे. एरवी अर्थव्यवहार समाजसंबंधांतच रुजलेले असतात. नाशिकच्या डोंगरावरचा लेख या सिद्धांताला ठोस पुरावा देतो. त्याच वेळी तो हेही दाखवतो की समाजात रुजलेला व्यवहार म्हणजे ढिसाळ किंवा भाबडा व्यवहार नव्हे. एकाच गावच्या, एकाच धंद्याच्या दोन श्रेणींचे दर वेगळे आहेत. त्याअर्थी घासाघीस झाली असावी, प्रत्येकीची पत वेगळी जोखली गेली असावी.

यावर पहिला आक्षेप असा येऊ शकतो की उषवदात राजाचा जावई होता. त्याच्या पैशाला नाही म्हणण्याची विणकरांची काय टाप? त्यामुळे हा विश्वासाचा नव्हे, सत्तेचा पुरावा ठरतो. पण सत्तेने पैसा गळ्यात मारला असता तर दर चढा असता, उतरता नव्हे. याहून भक्कम उत्तर पुढच्या घटनांत आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांची सत्ता मोडली. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. विजेत्याने नाणी अशी आपलीशी केली. जमिनीचेही तेच झाले. वर्ष १८ च्या आज्ञेने त्याने काखडी गावातील, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तन (जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले. सहाच वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, दुसरी आज्ञा काढावी लागली. ते शेत कोणी कसत नाही आणि गावात वस्ती उरलेली नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तन द्यावेत, असे तीत म्हटले आहे. राजाची आज्ञा जमीन देऊ शकली, पण जमीन कसणारी माणसे तिच्याने आणवली नाहीत.

याउलट गोवर्धनच्या श्रेणींची पत राजवटींच्या उलथापालथीनंतरही ओसरली नाही. शतकाहून अधिक काळानंतर, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अक्षयनीवी ठेवली. ती शकानी, सत्ता आभीरांची आणि ठेव गोवर्धनच्याच श्रेणींकडे. त्यांत पाण्याची यंत्रे चालवणाऱ्यांची श्रेणी होती, तेल गाळणाऱ्यांचीही होती. ही नोंद दहाव्या लेण्याच्याच अंगणातली आहे. क्षहरात गेले, सातवाहन मागे पडले, आभीर आले. पण पैसा कायमचा कोणाकडे ठेवावा या प्रश्नाला नाशिककरांचे उत्तर बदलले नाही. जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. तेव्हा ही एखाद्या राजपुरुषाची लहर नव्हती. दख्खनमधली रुळलेली रीत होती.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या अंगाने येतो. घाटमाथ्यावरून कोकणच्या बंदरांकडे आणि भडोचकडे जाणाऱ्या वाटांवर गोवर्धन होते, कापडाला परदेशी गिऱ्हाईक होते. व्यापार तेजीत होता म्हणून श्रेणी टिकल्या, त्यात संस्कृतीचा काय वाटा? व्यापाराचा वाटा मोठा होता यात शंका नाही. पण या वाटा वाहत्या ठेवण्याचे कामही धर्मकार्य म्हणूनच होत होते. याच लेण्यातील दुसऱ्या लेखात उषवदाताने भरुकच्छ (भडोच), दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा उभारल्याचे, तसेच तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावा ठेवल्याचे सांगितले आहे. आज ज्याला आपण पायाभूत सुविधा म्हणू, ती त्या काळी पुण्यकर्माच्या खात्यावर उभी राहिली. धर्म बाजूला काढून निव्वळ व्यापार उरवावा, तर व्यापाऱ्याच्या पायाखालची वाटच नाहीशी होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला बगल देता येत नाही. जे नाते आतल्यांना सांभाळते तेच बाहेरच्यांना दार बंद करते. याचा पुरावाही नाशिकनेच दिला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल आला. आंबेडकर तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागताच गावकरी त्यांना जमिनीवरून काढतात, मजुरी बंद करतात, दुकानदार रोजच्या जिनसा विकायला नकार देतात, असे त्या अहवालात नोंदले आहे. रोख पैसा हातात असूनही मीठ-पीठ मिळत नाही, अशी ती बाजारपेठ होती. एकोपा हे भांडवल असते हे खरे, पण ते दुसऱ्याविरुद्धही गुंतवता येते. म्हणून नात्यांवर चाललेला बाजार चांगला आणि करारावर चाललेला वाईट, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल.

हा आक्षेप मान्य केल्याने मूळ म्हणणे मोडत नाही, उलट धारदार होते. बहिष्कारही हेच सिद्ध करतो की मागणी आणि पुरवठा माणसांच्या नात्यांतूनच वाहतात आणि नाते तुटले की किंमत मोजूनही माल मिळत नाही. म्हणून नाती हवीत की नकोत, हा वाद निरर्थक आहे. ती कशी असावीत, हाच प्रश्न उरतो. गोवर्धनचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण त्या व्यवहारात श्रेणी बंदिस्त असली तरी तिची बांधिलकी उघड्यावर होती. शर्ती सभेत वाचल्या गेल्या, दगडावर लिहिल्या गेल्या आणि लाभ मिळणार होता तो कुठल्याही दिशेने येणाऱ्या भिक्षूला.

आजच्या नाशिक जिल्ह्याला ही कसोटी लावून पाहता येते. लासलगावची बाजार समिती १९४७ पासून आहे. तिच्या आवारात कांद्याची बोली सर्वांसमोर लागते, भाव जाहीर पुकारला जातो. निगमसभेतील जाहीरपणाचे तत्त्व तिथेही आहे. पण कांद्याच्या बाजारात मोजक्या व्यापाऱ्यांचे वर्चस्व आणि आपसातील संगनमत आहे, याकडे भारतीय स्पर्धा आयोगासाठी झालेल्या अभ्यासाने लक्ष वेधले आहे. व्यापाऱ्यांची आपसातली ओळख तीच आहे. चार भिंतींआड ती शेतकऱ्याचा भाव पाडते आणि उघड्यावर, नोंदीखाली आली तर त्याच शेतकऱ्याला वेळेवर पैसे मिळवून देते. म्हणून बाजारसुधारणेच्या चर्चेत आपण केवळ कायदे आणि ॲप यांवर विसंबू नये आणि केवळ आपलेपणाच्या गोडव्यावरही विसंबू नये. पतसंस्था असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की बाजार समिती, तिच्या सभासदांना एकमेकांची लाज वाटली पाहिजे, तिचा हिशेब सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे आणि तिचे दार नवख्याला उघडे असले पाहिजे. पहिल्या दोन अटी गोवर्धनच्या विणकरांनी पाळल्या. तिसरीसाठी नाशिकच्याच मातीत सत्याग्रह करावा लागला, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी आता आपली आहे.