किशोरवयीन मातांचे आरोग्य

१० ते १९ या वयात गरोदर राहणाऱ्या मुलींचे गरोदरपण, बाळंतपण व त्यानंतरची प्रकृती यांचा विचार. भारतात या प्रश्नाचे मूळ मुख्यतः बालविवाहात आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या; देशाचा आकडा ६.८ टक्के होता.

पाळी सुरू झाल्यावरही काही वर्षे मुलीचे शरीर, विशेषतः कटिभाग, वाढतच असते. त्या काळात गर्भ राहिला तर तेच अपुरे अन्न दोन वाढत्या जिवांना पुरवावे लागते. देशात १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या अंगात मुळातच रक्त कमी असते. विशीतल्या मातांपेक्षा किशोरवयीन मातांना गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा व बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. मूल कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचाही. लोहाच्या गोळ्या घरपोच मिळतात, पण ‘मूल मोठं होईल आणि बाळंतपण अडेल’ या भीतीने त्या डब्यातच राहतात. घरात खाण्यापिण्याचा शब्द सासूचा चालत असेल, तर एकट्या सुनेला समजावून भागत नाही.

गरोदरपणाची नोंद १२ आठवड्यांच्या आत व्हावी, असा नियम आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर गुन्हा दाखल होण्याच्या धास्तीने घरचे नोंद लांबवतात, कार्डावर वय वाढवून सांगतात. मग जिला सर्वांत आधी तपासायला हवे तीच सर्वांत उशिरा दवाखान्यात पोचते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसेही १८ वर्षे ७ महिन्यांहून लहान आईला मिळत नाहीत. बालविवाहाला उत्तेजन नको हा हेतू रास्त, पण शिक्षा पोटुशा मुलीला होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास तिची ओळख डॉक्टरने पोलिसांना कळवण्याची गरज नाही, असे सांगितले. तशीच सवलत बाळंतपणाच्या तपासणीलाही हवी.

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांत अडचण दुहेरी असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात आणि उचल जोडीवर मिळते. त्यामुळे हंगामाआधी लग्न उरकण्याची घाई होते. पुढे मुलगी फडावर जाते, तिची आशाताई आणि अंगणवाडी गावातच राहते. पहिलटकरीण माहेरी जाते तेव्हाही नोंद अशीच तुटते.

पैठण तालुक्यातील पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने दोन्ही टोकांना काम केले. अविवाहित मुलींसाठी संध्याकाळी तासभराचा, वर्षभर चालणारा जीवनकौशल्य वर्ग घेतला. त्या भागात मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेले. विवाहित मुलींकडे कार्यकर्ती दरमहा घरी जाऊन पाळी चुकली का, त्रास काय होतो, हे विचारी आणि गरजेप्रमाणे आरोग्य केंद्राशी गाठ घालून देई. पहिले मूल लांबवण्याचा विषय मात्र नवऱ्यालाही बोलावून काढावा लागतो, कारण लग्नाला वर्ष झाले की पाळणा कधी हलणार, हे सारे गाव विचारू लागते.