धरणगावची भिल्ल पलटण आणि ‘व्यसनी’ हा शिक्का

बसमध्ये हेडफोन लावून बसला असाल, नाहीतर अभ्यासिकेतून चहाला बाहेर आला असाल, तर चार मिनिटं द्या.

आजचा प्रश्न: व्यसनामुळे नोकरी मिळत नाही, की नोकरी नाही म्हणून व्यसन लागतं? समाजशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू करणारी बरीच मुलं प्रकल्पासाठी हाच विषय घेतात. प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारी काढायची आणि लिहून टाकायचं, ‘व्यसनी मुलं कामाला लायक राहत नाहीत.’ गंमत म्हणजे हेच वाक्य आपल्या खानदेशात दोनशे वर्षांपूर्वीही म्हटलं जायचं. आणि धरणगावात ते खोटं ठरलं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातल्या भिल्लांनी मात्र त्यांना सुखानं राज्य करू दिलं नाही. फौजा पाठवून झाल्या, वाटा अडवून झाल्या, शिक्षा करून झाल्या. साहेब लोकांचं मत ठरलेलं होतं: हे लोक पितात, लुटतात, शिस्तीचं काम यांच्या हातून होणार नाही. पुढे १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही भिल्लांच्या दारूची आठवणीनं नोंद केलेली दिसते.

१८२५ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, भिल्लांचीच पलटण उभारायचं ठरलं. काम आलं जेम्स आउट्रमकडे. वय २२, म्हणजे तुमच्याएवढाच! पलटणीचा तळ होता धरणगाव. हा गडी भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला आणि पकडलेल्या माणसांनाच त्यानं भरती करून घेतलं. पलटणीत ठरलेला पगार मिळायचा. शेती करू पाहणाऱ्या भिल्लांना सरकारनं जमीन आणि तगाई दिली. काही वर्षांतच ‘नालायक’ ठरवलेली हीच माणसं चौक्या-पहारे सांभाळायला लागली.

आधी माणूस सुधारला आणि मग त्याला काम मिळालं, असं झालं नाही. काम आधी मिळालं.

पण ही गोष्ट गोड करून सांगू नका. इंग्रजांना राज्य टिकवायचं होतं. पुढे भिल्लांचेच उठाव मोडायला ही पलटण वापरली गेली.

आता १८९३ मध्ये या. गांजा-भांगेमुळे माणसं वेडी होतात का, हे तपासायला सरकारनं आयोग नेमला. मुंबई इलाख्यासह देशभर फिरून त्यानं हजारापेक्षा जास्त साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांच्या १८९२ च्या नोंदींत २२२ जणांच्या वेडाचं कारण गांजा-भांग असं लिहिलेलं होतं. आयोगानं एकेक प्रकरण उघडून पाहिलं, तर जेमतेम ९८ टिकली! बाकीच्यांत धड चौकशीच झाली नव्हती. कारणाचा रकाना रिकामा राहू नये म्हणून कुणीतरी ‘गांजा’ लिहून मोकळं झालं होतं. एकदा कागदावर चढलं की पुढचा तेच उतरवणार.

म्हणजे व्यसन निरुपद्रवी आहे का? अजिबात नाही. गर्दनं १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात किती घरं पोखरली, ते अनिल अवचटांनी लिहून ठेवलंय. त्यातूनच १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. तिथून बरे झालेले कित्येकजण पुढे तिथेच काम करू लागले आणि नव्याने आलेल्यांना सांभाळू लागले. शिक्का कायमचा असता तर हे घडलंच नसतं.

तर मंडळी, उद्या तुम्ही प्रश्नावली घेऊन वर्गात गेलात, तर आणखी दोन प्रश्न टाका. ‘नशा कधी सुरू झाली?’ आणि ‘काम शोधायला कधी लागलास?’ आधी काय आणि नंतर काय, हे विचारल्याशिवाय कारण लिहू नका. आणि नाव तर मुळीच लिहून घेऊ नका. तुमच्यासाठी तो प्रकल्प असतो, त्या पोराच्या मात्र तो आयुष्यभर मागे लागू शकतो.

तुमच्या मित्रांत कुणी अडकला असेल, तर त्याला उपदेश करू नका. उपचाराला सोबत जा, आणि तो परत आल्यावर त्याला काम द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!