‘फेसबुकने लॉगिन करा’ : बटण दाबल्यावर मागे नेमकं काय घडतं?

बाजारभावाचं ॲप असो, नोकरीची वेबसाइट असो की मोबाईलवरचा गेम, नाव नोंदवताना ‘फेसबुकने लॉगिन करा’ असं बटण बऱ्याचदा दिसतं. नवा पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून लोक ते दाबतात. यात फेसबुकचा पासवर्ड ॲपवाल्याकडे जातो, असा अनेकांचा समज आहे. खऱ्या बटणात तसं होत नाही.

बटण दाबलं की वेबसाइट मोबाईलला फेसबुकच्या पानावर पाठवते. पासवर्ड तिथेच टाकायचा. मग फेसबुक विचारतं, या ॲपला नाव, फोटो, ईमेल द्यायचा का? होकार मिळाला की वेबसाइटला एक तात्पुरता कोड मिळतो. वेबसाइटचा सर्व्हर तो कोड आणि स्वतःची गुप्त किल्ली दाखवून फेसबुककडून टोकन घेतो. टोकन म्हणजे गेटपासच समजा : जेवढी परवानगी तेवढीच माहिती, तीही ठरावीक मुदतीपुरती. या पद्धतीला ‘ओऑथ’ म्हणतात. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

वेबसाइट बनवणाऱ्या पोरांना हे सगळं मुळापासून लिहावं लागत नाही. ‘जँगो’साठी ‘ऑलऑथ’, ‘लारावेल’साठी ‘सोशलाइट’ असे तयार भाग फुकट मिळतात. फेसबुककडे ॲपची नोंद करून परतीचा पत्ता द्यायचा. तो जुळला नाही, तर लॉगिन तिथेच अडतं. गुप्त किल्ली मात्र सर्व्हरवरच राहिली पाहिजे.

खरी गोम होकारात आहे. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणातलं प्रश्नोत्तरांचं ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं. पण त्यांच्या मित्रयादीतून सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती गेली असावी, असं फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितलं. मित्रांची माहिती देणारं ते दार फेसबुकने २०१५ मध्ये बंद केलं होतं, तोवर माहिती गेली होती. २०१८ मध्येच सुमारे ३ कोटी खात्यांची टोकनं चोरीला गेली. पासवर्डला हातही न लावता!

कोणत्या ॲपला परवानगी दिली आहे, ते फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ इथे दिसतं. नको ते तिथून काढता येतं. मात्र आधी घेतलेली माहिती त्या ॲपकडे राहू शकते. ती पुसायला त्यांनाच कळवावं लागतं. आणि पासवर्ड मागणाऱ्या पानाचा पत्ता ‘फेसबुक डॉट कॉम’ नसेल, तर ते पान बंद करावं.