केळना आणि जुईच्या मधली वाट

आमच्या आजोबांचं पंचांग लढायांचं होतं. "रझाकारीच्या आदल्या उन्हाळ्यात तुझ्या बापाचा जन्म," असं ते सांगायचे. चुलत्याचं लग्न पोलीस ॲक्शनच्या पुढच्या मार्गशीर्षातलं. आणि एखादं झाड, एखादी विहीर फारच जुनी असली की म्हणायचे, "असईच्या लढाईच्या आधीची असंल बापा." जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला, तोवर आम्ही औरंगाबादेतच मोडायचो. पण आजोबांचा मुलूख कोणत्याच नकाशावरचा नव्हता. जालन्याहून राजूर, राजूरहून भोकरदन आणि तिथून जाफराबादेकडं, असा सायकलच्या दोन चाकांनी आखलेला तो मुलूख होता.

आजोबा शाळामास्तर. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामी अमलातलं, उर्दूतून झालेलं. म्हणून मोडीत हिशेब, उर्दूत अर्ज आणि मराठीत अभंग असा त्यांचा दिनक्रम. सायकल काळी, उंच दांड्याची. आठवड्यातून एकदा ते तिला गोडेतेल पाजत, आणि तेवढ्या वेळात आम्हाला गोष्ट मिळे. लांब जायचं असलं की आजी आदल्या रात्री दशम्या करायची. कणीक दुधात भिजवलेली, किंचित गूळ, प्रवासात दोन दिवस टिकणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. राजूरच्या गणपतीपाशी थांबून पाणी प्यायचं आणि पुढं निघायचं, हा नेम. अंगारकीला त्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची अशी रीघ लागायची, की आजोबा खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे. देवाला निघालेल्या माणसाच्या अंगावर घंटी वाजवू नये, असं त्यांचं म्हणणं.

भोकरदन केळना नदीवर. पूर्वीचं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या, हे आजोबा मोठ्या अभिमानानं सांगत. भोकरदन आणि जाफराबाद यांच्या मधे असई आहे. दक्षिणेला केळना, उत्तरेला जुई आणि मधे काळ्या मातीची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत 23 सप्टेंबर 1803 ला जे झालं, ते मी पुस्तकात वाचण्याआधी आजोबांच्या तोंडून ऐकलं. ऐकलेलं कुठं संपतं आणि वाचलेलं कुठं सुरू होतं, ते मला आता वेगळं काढता येत नाही.

एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. त्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन, जर्मन मुलखातल्या हॅनोव्हरचा. दहा हजारांहून जास्त शिकलेलं पायदळ, शंभरच्या आसपास तोफा आणि घोडदळ हजारोंनी. दुसऱ्या बाजूला 34 वर्षांचा आर्थर वेलस्ली. त्याच्याकडं ईस्ट इंडिया कंपनीची आणि गोऱ्यांची मिळून साडेचार हजार माणसं, शिवाय म्हैसूरचे आणि मराठ्यांतले फुटीर घोडेस्वार. तीन आठवड्यांपूर्वी, 2 सप्टेंबरला, इंग्रजांच्याच दुसऱ्या फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतलेला. दोन्ही फौजांनी मिळून शिंद्यांना गाठायचं ठरलं होतं. पण छावणी अगदी जवळ आहे असं कळलं, आणि स्टीव्हन्सनची वाट न बघता वेलस्ली निघाला.

केळनेला उतार नाही, असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं. त्यानं पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावं समोरासमोर वसलेली. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी आहेत. इतकी जवळ गावं असतील तर मधे पाण्यातून वाट असणारच, असा त्यानं कयास केला, आणि तो खरा निघाला. इथं आजोबा हमखास थांबायचे. "त्यात काय मोठी अक्कल? सासर-माहेर नदीनं अडतं का कुठं? आपल्या कोणत्याबी बाईनं सांगितलं असतं." मग जरा वेळानं म्हणायचे, "पण त्यानं गावाकडं बघितलं, हे खरं."

उतारावरून तो आला तेव्हा पोलमननं आपल्या पलटणी झपाट्यानं वळवून पूर्वेला तोंड केलं. एक टोक केळनेला, दुसरं असई गावाला. तोफांनी इंग्रजांच्या रांगा अक्षरशः कापून काढल्या. वेलस्लीचा एक घोडा मेला, दुसरा भाल्यानं जखमी झाला. संध्याकाळपर्यंत मराठ्यांची फळी फुटली आणि 98 तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. त्यांचे 428 ठार, 1138 जखमी, 18 बेपत्ता. मराठ्यांचे मैदानातच पडलेले 1200, असा वेलस्लीचा अंदाज. जखमी तर मुलूखभर पसरलेले. पुढं तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 ला वॉटर्लूवर त्यानं नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी कुणी विचारलं, तुमच्या हातून झालेली सगळ्यांत चांगली लढाई कोणती? तेव्हा त्यानं आमच्या या असईचंच नाव घेतलं.

आजोबांना मात्र गोलंदाजांचं फार. इंग्रजांनीच लिहून ठेवलंय की शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, संगिनी छातीत घेतल्या. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण पलटण पुढं गेल्यावर उठले, आणि तोफा फिरवून मागून मारा करू लागले. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याकडं नाही.

आत्याबाई, म्हणजे आजोबांची थोरली बहीण. तिचं सासर जुईच्या बाजूचं. तिच्या सासऱ्यांचे पणजे तेव्हा पोरसवदा होते म्हणे. लढाईच्या रात्री बाजरीत कुणी कण्हत होतं, म्हणून ते तांब्या घेऊन गेले. पाणी मागणाऱ्याची बोली कळेना. आत्याबाई सांगायची, तो पुरभय्या होता. आजोबा म्हणायचे, तेलंगी. कधी गोष्टीत तो जगायचा, कधी पाणी पिऊन डोळे मिटायचा. दोन्ही खरं असू शकतं. शिंद्यांच्या पलटणींत उत्तरेतले शिपाई फार, आणि कंपनीच्या मद्रासी पलटणींत तेलुगू-तमिळ मुलखातले. त्या दिवशी आमच्या मातीत पडले ते दोन्हीकडून बहुतेक परमुलखातले, कुणाची तरी लेकरं. आत्याबाईच्या शेतात नांगराला शिशाच्या गोळ्या लागायच्या. पोरं त्या गोट्या म्हणून खेळायची, आणि ती त्या हिसकावून घ्यायची. "मेलेल्या माणसाची वस्तू हाय ती," म्हणायची.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त फ्रान्सात आहे. सुटीच्या दिवशी सायकल काढून खेड्यापाड्यांतून हिंडतो. तो सांगतो, तिकडं उत्तरेला गावागावांत पहिल्या महायुद्धाचे दगड आहेत आणि प्रत्येक दगडावर गावच्या पोरांची नावं. न्यूव्ह शापेलला तर आपल्या शिपायांचं स्मारक आहे, 1927 मध्ये उभारलेलं. ज्यांची कबर वा चिता माहीत नाही, अशा साडेचार हजारांहून जास्त जणांची नावं तिथं कोरलेली. 1914 च्या ऑक्टोबरात त्याच गावात लढलेल्यांत आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या कंपन्या होत्या. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, पंक्चर काढायला थांबलो तरी बाजूला नाव वाचायला मिळतं." ते ऐकून मला असई आठवली. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही असईचा हत्ती आहे. तोफेपाशी मेलेल्यांचं आपण काय राखलं?

रझाकारीचं तर याहून जवळचं. 1948 च्या उन्हाळ्यात निजामाच्या रझाकारांच्या धाकानं गावं रिकामी होऊ लागली. जालन्याच्या पूर्वेला सरहद्द, पलीकडं वऱ्हाड, देऊळगाव राजाकडची वाट. आजोबांनी आपल्या आईला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. पाठीला घडवंचीवरची गोधडी बांधली, आणि रात्रभर सायकल हातात धरून चालत गेले. करोडगिरीचं नाकं टाळायला शेताशेतातून. पणजीच्या ओच्यात ज्वारीचं बियाणं होतं असं आजी म्हणायची. आजोबा म्हणायचे, देवाचे टाक होते. मला वाटतं दोन्ही असावं. 13 सप्टेंबरला भारताचं सैन्य आत आलं, 17 ला निजाम शरण गेला. हे लोक परतले तेव्हा रानात बाजरी कमरेइतकी झाली होती आणि राखायला कुणी नव्हतं. त्या साली पाखरांनी पोटभर खाल्लं, असं आजी हसून सांगायची. रडायची ती दुसऱ्याच कारणानं: शेजारचं मुसलमान कुटुंब, ज्यांनी जाताना यांची गाय सांभाळायला घेतली होती, ते परतून आल्यावर दिसलं नाही.

आता तो रस्ता रुंद झाला. दोन्ही अंगांना कपाशी, मका, सोयाबीन, मधेच मोसंबीच्या बागा. मोटारीतून असई कधी आली आणि कधी गेली, कळत नाही. सायकलवर चढ पायांना कळतो, नदीचा उतार कळतो. समोरासमोरची गावं इतकी जवळ का, ते कळतं. आणि घोटभर पाणी मागायला थांबलं की ओट्यावरचा म्हातारा विचारतो, "कोण्या गावचं?" तिथून गोष्ट सुरू होते. आपल्याकडं दगडावर नावं नाहीत. जे आहे ते या ओट्यांवर आहे, आणि दरवर्षी त्यातलं थोडं थोडं जातंय.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. मुक्तिदिन 17 सप्टेंबरला, असईचा दिवस 23 ला. मधल्या पाच दिवसांत भोकरदन-जाफराबादच्या शाळांनी पोरांना सायकलवर या गावांत धाडावं. प्रत्येकानं एका म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत उतरवावं: काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, घरात कोण गेलं, पळताना सोबत काय घेतलं. दोन म्हातारे दोन तऱ्हेनं सांगतील. दोन्ही लिहावं, खरंखोटं करायला पुढं इतिहासवाले आहेत. त्या वह्या एकत्र बांधून असईच्या शाळेत ठेवाव्यात. गोलंदाजांची नावं आता मिळायची नाहीत. पण रझाकारीत रात्र तुडवलेल्यांची नावं अजून घराघरात आहेत, आणि ती सांगणारे अजून दुपारी ओट्यावर बसतात.