डोहाळजेवणाचे छायाचित्र : एक उपेक्षित साधन

इतिहासाभ्यासक दफ्तरे धुंडाळतो. घराच्या भिंतीवरील छायाचित्राकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत तिची संस्थाही निघाली. तथापि ओल्या काचेच्या त्या काळात अर्भकाची किंचित हालचालही चित्र पुसट करी. १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी सुचविलेल्या कोरड्या काचेच्या विकासानंतरच ही अडचण ओसरली.

वऱ्हाडातील ज्या जिल्ह्यास १९०५ साली यवतमाळ हे नाव मिळाले, तेथील घरांतूनही अशी चित्रे शोधावयास हवीत. फुलांचे दागिने ल्यालेली गर्भवती, सजविलेला झोपाळा आणि नंतरच्या चित्रात तीट लावलेले तान्हे : यांत हौस व दृष्टीचे भय एकत्र नांदतात. जन्ममृत्यूच्या नोंदणीस १९६९ च्या कायद्याने देशभर एकरूपता आली. तत्पूर्वी बाळंतपणात दगावलेल्या एखाद्या स्त्रीचा हाच एकमेव पुरावा उरलेला असू शकेल.

मात्र चित्र काढविण्यास पैसा लागे. म्हणून कापूस वेचणारी गर्भवती या चौकटीत सहसा नसते, हेही अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.