सातव्या वॉर्डाची शिरगणती

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील एका वयोवृद्ध कृष्णवर्णीय विद्वानास पत्र पाठविले. तेथील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मिळाव्यात, अशी त्यात विनंती होती. हे विद्वान म्हणजे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. आपल्याकडे त्यांचे नाव निघते ते बहुधा या पत्राच्या निमित्ताने. परंतु त्यापूर्वी अर्धशतक, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फिया शहरात जे काम केले ते आपल्या वाचकांस फारसे ठाऊक नसावे.

ड्यू बॉइस हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय. १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना शहरातील कृष्णवर्णीयांची पाहणी करण्यास बोलाविले. वेतन नऊशे डॉलर, हुद्दा साधा सहायकाचा; शिकविण्यास वर्ग नाही आणि विद्यापीठाच्या नामावलीत नावही नाही. शहर बिघडत चालले आहे, त्याचे मूळ या लोकांच्या दुर्वर्तनात आहे, असा शहरातील सुधारकांचा ग्रह होता आणि त्यास शास्त्राचा शिक्का हवा होता. ड्यू बॉइस यांनी हे ओळखले आणि तरीही काम पत्करले.

सातवा वॉर्ड म्हणजे स्प्रूस व साउथ या दोन रस्त्यांमधील, नदीपर्यंत गेलेली चिंचोळी पट्टी. तेथे साडेनऊ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय राहत. नवपरिणीत पत्नीसह ड्यू बॉइस याच वस्तीत एका खोलीत राहावयास आले. कुटुंब, व्यक्ती, घर, रस्ता, संस्था आणि घरकाम करणारे नोकर, अशा सहा प्रश्नावल्या त्यांनी तयार केल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबांकडे ते स्वतः गेले. हाताखाली माणूस नव्हता. केवळ या मुलाखतींत त्यांचे आठशेहून अधिक तास गेले.

लोकांनी स्वागत केले असे मात्र नव्हे. आपल्याला कोणी चमत्कारिक प्राण्यासारखे तपासावे हे त्यांना रुचले नाही, आणि ड्यू बॉइस यांनी पुढे आत्मकथनात ते मोकळेपणाने मान्य केले. सुशिक्षित, नीटनेटका, हातमोजे घालणारा हा तरुण वर्णाने त्यांचाच असला तरी त्यांच्यातला नव्हता. तरीही बहुतेकांनी उत्तरे दिली. त्यांतून काय हाती लागले याचा एकच नमुना देतो: २,४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर व शौचकूप यांची सोय होती केवळ ३३४ कुटुंबांना. बाकीच्यांना अंगणातील सामाईक व्यवस्था, आणि त्या अंगणांची अवस्था न वर्णावी अशीच.

या आकड्याचे मोल कळण्यासाठी त्या काळातील दुसरे एक पुस्तक पाहावे लागते. प्रुडेन्शियल विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांचा ग्रंथ १८९६ सालीच निघाला होता. कृष्णवर्णीयांत मृत्यूचे प्रमाण अधिक, क्षयाचे तर फारच अधिक, हे त्यांनी कोष्टकांनी दाखविले आणि निष्कर्ष काढला की दोष जन्मजात आहे, हा वंशच लयास चालला आहे. विमा कंपनीस असा निष्कर्ष सोयीचाच होता. कारण तोच हप्ता घेऊन कृष्णवर्णीयांच्या वारसांस एक तृतीयांश रक्कम कमी देण्याचा नियम तिने १८८१ पासून लागू केला होता.

आकडे ड्यू बॉइस यांनीही नाकारले नाहीत. त्यांनी ते वॉर्डावार मांडले. पाचव्या वॉर्डात, जेथे शहरातील सर्वांत घाणेरड्या गल्ल्या होत्या, कृष्णवर्णीयांचा मृत्युदर तिसाव्या वॉर्डातील कृष्णवर्णीयांच्या दुपटीहून अधिक निघाला. तिसाव्या वॉर्डात घरे चांगली आणि रस्ते स्वच्छ. वंश एक, शहर एक, फरक घरांचा. शिवाय नेपल्स, बुडापेस्ट यांसारख्या युरोपीय शहरांतील गोऱ्यांचे मृत्युप्रमाण याहून फारसे निराळे नव्हते, हे त्यांनी हॉफमन यांच्या ग्रंथाच्या परीक्षणात दाखवून दिले. त्या गोऱ्यांचा वंश लयास चालला आहे असे कोणी म्हणत नव्हते! ड्यू बॉइस यांनी स्वसमाजालाही स्वच्छतेविषयी कानपिचक्या दिल्या आहेत. तो सूर आज काहीसा उपदेशकी वाटतो, पण हिशेबात त्यांनी कोठे गफलत केली नाही.

त्यांचा ग्रंथ १८९९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अटलांटा येथे त्यांचा दोन वर्षांचाही न झालेला मुलगा घटसर्पाने गेला. १९०६ साली त्यांनी अटलांटा विद्यापीठातून कृष्णवर्णीयांच्या आरोग्याविषयी स्वतंत्र अहवाल काढला, पण सरकारदरबारी त्याची दखल घेतली गेली असे दिसत नाही. १९८५ साली मार्गारेट हेक्लर या आरोग्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने प्रथमच मान्य केले की कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्याकांत दरवर्षी सुमारे साठ हजार मृत्यू असे होतात, जे गोऱ्यांइतकाच मृत्युदर असता तर झाले नसते.

यानंतर १९९९ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने 'रीच' नावाची योजना आखली आणि २००१–०२ मध्ये २१ वस्त्यांची पाहणी केली. तोवरच्या पाहण्या राज्यवार, दूरध्वनीवरून आणि प्रायः इंग्रजी वा स्पॅनिशमध्ये होत. राज्याच्या सरासरीत लहान वस्ती दिसत नाही, हे इंदूर-बेळगावच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल गावी कंबोडियातून आलेले निर्वासित मोठ्या संख्येने स्थायिक झाले आहेत. 'आशियाई' या एका रकान्यात ते सुखवस्तू, सुशिक्षित इतरांबरोबर मोजले जात आणि अर्थातच निरोगी ठरत. नव्या पाहणीत प्रश्न ख्मेर व व्हिएतनामी भाषांतही विचारले गेले, तेव्हा या दोन समाजांतील पुरुषांमध्ये धूम्रपान किती बोकाळले आहे ते उघड झाले. उपाय वस्तीतील लोकांनीच, त्यांच्याच भाषेत योजले. पाहणी पुढेही दरवर्षी होत राहिली आणि २००२ ते २००६ या काळात त्या वस्त्यांतील धूम्रपान घटल्याचे तिच्यातच नोंदले गेले.